पाच ते नऊ मोटर बंद

कोकरे वस्तीवरच्या दूध संकलन केंद्रातलं संध्याकाळचं दूध २००७ च्या फेब्रुवारीत दोनदा नासलं. बारा तारखेला तीनशे साठ लिटर, सत्तावीसला तीनशे पंच्याऐंशी. दोन्ही वेळा सकाळी नऊला टँकर आला, डेअरीच्या सुपरवायझरनं नळीत थोडं दूध घेऊन उकळून पाहिलं, ते फुटलं, आणि सगळं ओढ्यात सोडून द्यावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यानं केंद्र चालवणाऱ्या साधना कोकरेच्या हातात डेअरीचं पत्र ठेवलं. पत्र चार ओळींचं होतं. तिसऱ्यांदा असं घडल्यास कूलर दुसऱ्या गावी हलवण्यात येईल, असं त्यात लिहिलं होतं.

वस्ती शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला, इनामगावपासून चार किलोमीटरवर. एकतीस घरं, सगळी एका भावकीतली. एक पिढी आधीपर्यंत ही माणसं मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर असत. आता कांदा, ऊस आणि दावणीला दोन-चार गायी. केंद्र होण्याआधी बायका किटल्या घेऊन फाट्यापर्यंत चालत जात, आणि तिथला गवळी दुधात बोट बुडवून भाव सांगे. तीन वर्षांपूर्वी डेअरीनं पाचशे लिटरचा कूलर आणि फॅट मोजायचं यंत्र दिलं. साधना बारावी झालेली, म्हणून केंद्र तिच्याकडे आलं. तिचा नवरा मल्हार रांजणगावला एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. तिचं कमिशन त्याच्या पगाराच्या जवळपास जाई. मल्हार हे कुणाला सांगत नसे, पण नाकारतही नसे.

सकाळचं दूध टँकर तासाभरात उचलून नेई. प्रश्न संध्याकाळच्या दुधाचा होता. ते रात्रभर कूलरमध्ये थांबायचं, आणि त्यासाठी आधी चार अंशांवर यायला हवं. कूलर एका फेजवर चाले. शेतीच्या मोटरींना लागणारी थ्री फेज लाइट त्या महिन्यात रात्री दहा ते पहाटे सहा होती. बाकीच्या वेळात, भारनियमनाचे तास सोडून, घरांसाठी एकच फेज. कागदावर म्हणजे संध्याकाळी वस्तीला लाइट होती. प्रत्यक्षात सहा वाजले की बल्ब लाल व्हायचे, भिंतीवरच्या व्होल्टमीटरचा काटा दीडशेवर यायचा आणि कूलर आपोआप बंद पडायचा. डेअरी जनरेटर देणार होती. ते तीन वर्षं देणारच होती.

साधनानं वायरमन चांगदेवला बोलावलं. त्यानं खांबावर चढायचे कष्ट घेतले नाहीत.

"वहिनी, माझ्या लायनीत काय बी दोष न्हाई. तुमच्या भावकीच्या पेट्या उघडून बघा. निम्म्या जणांनी कंडेन्सर बसवल्यात."

कंडेन्सर म्हणजे थ्री फेजची मोटर एका फेजवर ओढायची युक्ती. मोटर चालते, पाणी येतं, पण ती मोटर वीज इतकी खेचते की त्याच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, घरांना काही उरत नाही.

"निम्म्या म्हंजी किती?"

"नऊ तर मला दिसल्यात. मी काय सगळं बघत न्हाई. बघितलं तर काढायला लागंल, आन् काढलं तर मला चहा कोण पाजंल?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या एका संस्थेचं सर्वेक्षण आलं. खेड्यातली कुटुंबं खात्रीच्या विजेसाठी महिन्याला किती जादा पैसे मोजायला तयार आहेत, हे त्यांना बघायचं होतं. फॉर्म भरायला ज्ञानेश्वरी नावाची दौंडची मुलगी होती, समाजकार्याचं शिक्षण घेणारी. सोमवारी ती वस्तीतले जाणते हौसराव यांना भेटून गेली. मंगळवारी सकाळी केंद्रावर बसून फॉर्म भरायचे असं ठरलं, कारण दूध घालायला सगळेच तिथं येतात.

सोमवारी संध्याकाळी हौसरावांच्या ओट्यावर पुरुष जमले. किती सांगायचे, एवढाच विषय होता.

"वीस सांगा," एकजण म्हणाला. "जास्त बोललो तर तेवढंच बिलात चढवतील."

"कमी सांगितलं तर म्हणतील ह्यांना गरजच न्हाई," दुसरा म्हणाला. "शंभर सांगा."

"शंभर तुझा बा देईल का?"

"बिल तरी भरतोस का रं तू?" हौसरावांनी मध्येच विचारलं, आणि शंभरवाला गप्प झाला. मग हौसराव म्हणाले, "पन्नास. सगळ्यांनी पन्नासच म्हणायचं. एकानं एक, दुसऱ्यानं दुसरं, असं नको."

मंगळवारी ज्ञानेश्वरीनं टेबलावर फॉर्म मांडले. पद्धत अशी होती की तिनं डब्यातून चिठ्ठी काढायची, त्यावरच्या रकमेपासून विचारायला सुरुवात करायची आणि उत्तराप्रमाणे वर किंवा खाली जायचं. पहिल्या माणसाला तिनं विचारलं, "दादा, चोवीस तास खात्रीची लाइट मिळाली, तर आत्ताच्या बिलावर महिन्याला तीस रुपये..."

"पन्नास."

"मी तीस विचारलं."

"तुम्ही काय बी विचारा. पन्नास."

सातव्या फॉर्मनंतर तिनं पेन खाली ठेवलं. "आबा, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय का?"

"व्हय," हौसराव म्हणाले. "मग काय, एकेकट्यानं ठरवायचं?"

"तसंच हवं असतं. आणि ही योजना नाही, नुसता अभ्यास आहे. यातून लाइट येणारही नाही आणि बिलही वाढणार नाही."

"मग पन्नास काय आन् पाचशे काय."

"तर मग पाचशे लिहू?"

"पन्नास लिवा," हौसराव घाईनं म्हणाले.

एकोणीस फॉर्म भरले. अठरा जणांनी पन्नास सांगितले. साधनानं तीनशे सांगितले, तेव्हा दुधाच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कंपनीचा पगार बोलतोय." फॉर्मवर सगळ्यात वरचा चौकोन दोनशेचा होता. ज्ञानेश्वरीनं त्याच्या शेजारी पेननं तीनशे लिहिले.

चौदावा प्रश्न असा होता: सिंगल फेजच्या वेळेत तुम्ही शेतीची मोटर चालवता का? एकोणीस जणांनी नाही म्हणून सांगितलं. फॅटचं यंत्र चालवता चालवता साधना प्रत्येक उत्तर ऐकत होती. शेवटच्या पाचात तिचा सासरा गेणबा होता. तोही नाही म्हणाला, आणि किटली उचलून निघून गेला.

आवराआवर करताना ज्ञानेश्वरीनं विचारलं, "ताई, कुणीच चालवत नाही, तर मग व्होल्टेज कशानं पडतं?"

"तुमच्या फॉर्मात त्याला जागा हाय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," साधना म्हणाली.

दुपारी ती विहिरीवर गेली आणि तिनं स्वतःच्या घरची स्टार्टरची पेटी उघडली. आत मधोमध डबीएवढा काळा कंडेन्सर तारेनं बांधलेला होता. तार नवी होती. गेणबा कांद्याच्या बांधावर बसून तंबाखू मळत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मळणं थांबवलं नाही.

"कवा बसवला, आबा?"

"संक्रांतीच्या पुढं."

"बारा तारखेला दूध नासलं तवा मोटर चालू होती?"

"आसंल. माझी एकट्याची व्हती का?"

"मी वस्तीला दोष देत बसले."

गेणबानं चिमूट तोंडात टाकली. तो सत्तरीला आलेला, सडसडीत माणूस होता. "हे बघ. थ्री फेज रातीची. मल्हार रातपाळीला. जानेवारीत बिबट्यानं उसातनं येऊन शेजारच्या ज्योतिबाची कालवड धरली, त्या बांधावर. पिंजरा लावला तर त्यात कुत्रं सापडलं. रातच्याला पाणी धराया मी जाऊ का तुझी सासू जाईल?"

कांदा फुगायच्या पाण्यावर आला होता. आठ दिवस पाणी चुकलं तर कांदा जागेवर थांबतो, हे साधनालाही माहीत होतं.

"आन् फॉर्मात न्हाई म्हणालात ते?"

"सगळे न्हाई म्हणत व्हते. मी एकट्यानं व्हय म्हणून काय बाकीच्यांस्नी खोटं पाडू?"

रविवारी, अकरा मार्चला, बिरोबाच्या देवळात भावकी बसली. एरवी जत्रेची वर्गणी, बांधाचं भांडण असे विषय असतात. त्या दिवशी साधनानं विषय काढायला हौसरावांना भाग पाडलं. बायका पायरीखाली बसतात. ती पायरीपाशी उभी राहून बोलली. कूलर गेला तर परत फाट्यावर जायचं, बोट बुडवणारा गवळी आहेच, एवढं सांगून तिनं विचारलं, "कंडेन्सर किती जणांचे हायत?"

कुणीतरी खोकलं.

"असं न्हाई कळायचं," हौसराव म्हणाले आणि पुजाऱ्याला त्यांनी भंडाऱ्याची वाटी मधे ठेवायला सांगितली. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती कपाळाला लावून बोललेलं या लोकांत खोटं ठरत नाही आणि मागेही घेता येत नाही. फॉर्मवरच्या सहीला असा काही मान नव्हता.

पहिल्यानं भंडारा लावला आणि म्हणाला, "हाय. पर मी कधीमधीच लावतो."

"माझा बी कधीमधीच."

"माझा हाय, पर जळालाय. नवा आणायचाय."

तेरा झाले. मग पायरीपाशी उभ्या साधनानं सांगितलं, "आमचा एक. चौदा लिवा." तेव्हा गेणबा देवळाच्या मागच्या अंगाला होता. दावं तुटलेल्या शेळीला बांधायला गेला होता, असं त्यानं नंतर सांगितलं.

कंडेन्सर काढा, असं साधना म्हणाली नाही. रात्री उसात जायला तयार नसलेल्या माणसांना ते सांगण्यात अर्थ नव्हता. तिचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. संध्याकाळी पाच ते नऊ एकही मोटर सिंगल फेजवर चालवायची नाही. आणि दिवसा चालवायची तर पाळीनं, रोज दोनच मोटरी, बाकीच्या बंद. चौदा मोटरी, सात दिवसांत सगळ्यांची पाळी. दोन मोटरी असल्या तर पाणीही नीट पडेल आणि मोटरीही जळणार नाहीत.

"म्हंजी आम्ही कांदा वाळवायचा आन् तुझं दूध गार ठेवायचं," ज्योतिबा म्हणाला. त्याची कालवड गेलेली, त्यामुळे त्याला बोलायचा अधिकार जरा जास्त होता.

"दूध माझं एकटीचं न्हाई, भाऊजी. तुमचं रोजचं अठरा लिटर त्यात असतं. बारा तारखेला ओढ्यात गेलं त्यात बी व्हतं."

"पन्नास रुपये देऊन भागलं असतं तर बरं झालं असतं," पलीकडून आवाज आला, आणि बैठकीत पहिल्यांदा हसू आलं.

तासाभरानं ठरलं. भंडारा पुन्हा फिरला. चिठ्ठ्या निघाल्या. गेणबाची चिठ्ठी शेवटची आली: रविवार, अठरा मार्च. साधनानं बदलून मागितली नाही. ज्योतिबाची मंगळवारची होती. त्यानं घरी जाताना तिला विचारलं, "अदलाबदल करायची का?" ती नको म्हणाली. आपणच नियम मांडायचा आणि आपणच पहिल्या दिवशी सवलत घ्यायची, हे तिला पटेना. घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सासू रतनबाई फक्त एवढंच म्हणाली, "इचारायचं तरी व्हतं त्यास्नी."

सोमवार ते गुरुवार व्होल्टमीटरचा काटा संध्याकाळी दोनशेच्या खाली आला नाही. दूध साडेआठपर्यंत चार अंशांवर येत होतं. लोक किटली रिकामी करून काट्याकडे बघायला थांबू लागले.

गुरुवारी मल्हारच्या कारखान्याला सुट्टी असते. त्या रात्री तो बॅटरी आणि फटाके घेऊन विहिरीवर गेला. बावीस वाफ्यांपैकी सोळा वाफे भिजवले. तीन वाजता लाइट गेली ती सहापर्यंत आली नाही. नदीकडच्या अंगाचे सहा वाफे राहिले. शुक्रवारी त्याला परत रातपाळी होती.

शुक्रवारी, सोळा मार्चला, संध्याकाळी तीनशे ब्याण्णव लिटर दूध जमलं. शनिवारी सकाळी सुपरवायझर स्वतः नमुना घेणार होता आणि कूलरचं काय ते ठरवणार होता. सहा वाजून चाळीस मिनिटांनी काटा एकशे पंचावन्नवर आला. कूलर एकदा गुरगुरला आणि बंद पडला. दूध तेव्हा एकोणीस अंशांवर होतं.

केंद्रावर आठ-दहा माणसं होती. हौसराव बाहेर येऊन कानोसा घेत उभे राहिले. उजेड अजून होता. नदीच्या बाजूनं मोटरीचा घुमणारा आवाज येत होता. त्या बाजूला दोनच विहिरी होत्या. एक ज्योतिबाची, आणि ज्योतिबा किटली घेऊन समोरच उभा होता.

साधनानं कूलरचं झाकण घट्ट लावलं आणि ती निघाली. मागून माणसं आली. तिनं त्यांना येऊ नका म्हटलं नाही, आणि या असंही म्हटलं नाही.

गेणबा फावडं घेऊन पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी उभा होता. पाणी नुकतंच पाटात आलं होतं. पुढच्या पाच वाफ्यांत कांद्याच्या पाती पिवळट होऊन माना टाकत होत्या. बांधावर माणसं ओळीनं थांबली.

"आबा, पाच ते नऊ बंद ठरलं हाय."

"तुम्ही ठरवलं. मी भंडारा लावला न्हाई."

हे खरं होतं. साधनाच्या हे तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. हौसरावांच्या आलं असावं, कारण ते खाली बघू लागले.

"तुम्ही शेळी बांधाया गेला व्हता."

"शेळी सुटली व्हती का न्हाई ते सोड. माझ्या मोटरीचं तू बोललीस. मी बोललो न्हाई. मी बोललो असतो तर पाळला असता. चाळीस वरसं मेंढरं घेऊन कोकणापातुर गेलो, शब्द मोडला म्हणून कुणी माझ्या दारात आलं न्हाई."

"तुम्हाला न इचारता बोलले, ती माझी चूक," साधना म्हणाली. "ती घरी बोला मला. पर कूलर बंद हाय. एकोणीस अंश. सकाळी तो माणूस येणार हाय."

"सहा वाफे हायत. तासाभराचं काम."

"तासाभरात दूध गेलं."

"आन् परवापातुर वाफे गेले."

ज्योतिबा बांधावरून म्हणाला, "आबा, माझी पाळी झाली. मी मंगळवारी बदलून देतो म्हणालो व्हतो, तिनं घेतली न्हाई." तो बोलला ते चांगल्यासाठी, पण त्यानं गेणबाचा चेहरा आणखी आवळला.

"बदलून देत व्हता, आन् घेतली न्हाई?"

"न्हाई घेतली," साधना म्हणाली.

गेणबानं तिच्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या माणसांकडे. त्यांतले बहुतेकजण पाळीचा दिवस सोडून आठवडाभर आपापल्या पेटीला हात न लावता बसले होते. दोघांचे टोमॅटो फुलावर होते. सगळ्यांनी ते एकमेकांना सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, हिशेब सांगावा तसं. तो फावडं वाफ्याच्या तोंडात तसंच रोवून विहिरीकडे गेला. मोटरीचा आवाज थांबला. पाटातलं पाणी थोडा वेळ वाहिलं आणि पहिल्या वाफ्याच्या मध्यावर जिरलं.

"व्होल्टेज आलं का बघा जावा," तो पेटी लावत म्हणाला. "हितं काय तमाशा हाय?"

काटा दोनशे दहावर होता. दूध सव्वानऊला चार अंशांवर आलं. शनिवारी सुपरवायझरनं नमुना उकळला, एकदा नव्हे दोनदा. दूध फुटलं नाही. त्यानं वहीत आठवड्याचे आकडे उतरवून घेतले आणि कूलर तूर्त राहील असं सांगितलं. "तूर्त म्हणजे किती?" साधनानं विचारलं. "दिवाळीपर्यंत धरा," तो म्हणाला. जनरेटरचं तिनं पुन्हा विचारलं. ते प्रकरण वर गेलं आहे, असं त्यानं सांगितलं.

गेणबा त्या रात्री आणि शनिवारी दिवसभर सुनेशी बोलला नाही. जेवताना लागेल ते रतनबाईकडे मागे. शनिवारी संध्याकाळी मात्र तो देवळात गेला, हौसरावांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर भंडारा लावला. नेमकं काय बोलला ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

रविवारी त्याची पाळी होती. सकाळी टँकर निघून गेल्यावर केंद्रातला फोन वाजला. मल्हारचा मोबाइल घेऊन गेणबा विहिरीवरून बोलत होता. त्याला मोबाइलवर हळू बोलता येत नसे.

"साधना, कूलर मोकळा झाला का?"

"झाला, आबा. टँकर गेला."

"मग लावू का मोटर?"

"लावा की. आज तुमचीच पाळी हाय."

"इचारलेलं बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्या सहा वाफ्यांना पाणी मिळालं, पण उशीर झाला होता. एप्रिलमध्ये कांदा काढला तेव्हा सोळा वाफ्यांतला माल चांगला निघाला आणि त्या सहांतली निव्वळ गोल्टी, आवळ्याएवढी. गेणबानं ती वेगळ्या गोण्यांत भरली. गोण्या शिवताना साधना दाभण घेऊन शेजारी बसली होती. किती फरक पडला, हे दोघांनाही तोंडी सांगता आलं असतं. गेणबानं गोणीचं तोंड आवळून धरलं आणि तिनं टाका घातला.